उजव्या हाताचं माप

नागरवाड्यातल्या आमच्या घरात त्या काळी दोन 'ते' होते. एक माझे यजमान, आणि दुसरे नाटकातले 'ते'. त्या दुसऱ्यांचं नाव घ्यायला बायकांना काय बंदी होती कोण जाणे, पण घेत नसू खरं. जिन्यावरून कुणी "ते आले का?" असं ओरडलं की मी हाताचं पीठ झटकून विचारी, "कुठले?" सासूबाईंना हा प्रश्न मुळीच आवडत नसे. सुनेच्या तोंडी तो शोभत नाही म्हणत, आणि मग हळूच स्वतःच सांगत, "नाटकातले गं. कालच उतरलेत म्हणे स्टेशनावर."

कंपनी दर हिवाळ्यात बडोद्याला यायची आणि चांगला दोन महिने मुक्काम ठोकायची. हे गृहस्थ नायिकेचं काम करत. त्यांचं बघून शहरातल्या बायका नेसायला शिकल्या, अंबाड्यात फूल कुठं खोवायचं ते शिकल्या, आणि नवऱ्याशी भांडताना मान किती वळवायची तेही शिकल्या. महाराजांनी मुलींना शाळा सक्तीची केली होती, पण या शाळेला सक्ती लागत नव्हती. रंगभूमीवर एवढा मोकळा असणारा हा माणूस खाली उतरला की मात्र गोगलगायीसारखा आत जाऊन बसे. कुणाला भेटत नसे, कुणाच्या पत्राला उत्तर देत नसे, कुणाकडे जेवायला जात नसे.

त्यामुळं ज्याला म्हणून त्यांची भेट घडली तो जन्माचा पुराणिक झाला. आमच्या समोरचे वकील एकदा सुरतेपासून त्यांच्याबरोबर एकाच डब्यात आले. सगळ्या प्रवासात नाटकातले 'ते' एकच वाक्य बोलले, "खिडकी लावली तर चालेल का?" वकिलांनी ती खिडकी पुढं वीस वर्षं लावली. मुंजीत, लग्नात, ओट्यावर, नवा माणूस दिसला की खिडकी आलीच. कमाटी बागेत ते उजाडता उजाडता फिरायला जातात असा सुगावा लागल्यावर कॉलेजातली मुलं तिथं दुतर्फा उभी राहिली, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फिरणंच सोडलं. शेजारच्या गुजराती बेननी त्यांच्या बिऱ्हाडी घारीचं ताट पाठवलं. ते वरचा रुमालही न उलगडता परत आलं. आणि त्याच आठवड्यात सूरसागराच्या काठी एका चणेवाल्याशेजारी बसून ते तासभर पुडी बांधायला शिकत होते, हे आमच्या ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता अशा माणसाला काय म्हणायचं? कुणी गर्विष्ठ म्हणे, कुणी विरक्त म्हणे. सासूबाईंचं मत होतं की पोटाचा काहीतरी विकार असावा.

या सगळ्या भक्तमंडळात पहिला नंबर आमच्या वन्संचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. सतरा वर्षांची, बुद्धीनं तल्लख, सातवी पास. त्यांची सगळी पदं तिला पाठ, पण ती कधी मोठ्यानं म्हणत नसे. पोळ्या लाटताना ओठ तेवढे हलायचे. पोळ्या ती डाव्या हाताच्या जोरावर लाटायची. चार वर्षांची असताना संक्रांतीच्या पाकाच्या कढईत तिचा उजवा हात गेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याशी कायमचं मिटलं, आणि मागची कातडी ओढल्यासारखी राहिली. पण तिनं यावर एक तोड काढली होती. पदराचा काठ अंगठा आणि दोन चांगल्या बोटांत धरायचा, मिटलेली बोटं त्याच्या चुणीत दडवायची आणि हात छातीशी ठेवायचा. इतकं सहज करायची की मला लग्नानंतर दहा दिवस पत्ता नव्हता.

पाहायला येणाऱ्यांना मात्र पत्ता लागायचा. पान द्यायला हात पुढं करावाच लागतो ना. एक पेटलादचं स्थळ असं गेलं आणि एक पुण्याचं. दोघंही "कळवतो" म्हणून गेले, आणि स्थळांच्या भाषेत कळवतोचा अर्थ काय ते आता आम्हाला चांगलं कळलं होतं. मामंजी कचेरीतून येऊन मुकाट्यानं पगडी खुंटीला लावत. अमरेलीचा एक बिजवर, तीन मुलांचा बाप, "हाताचं काही नाही, घर सांभाळलं म्हणजे झालं" असं म्हणाला होता. सासूबाई हळूहळू त्याच्याबद्दल बरं बोलू लागल्या होत्या. तो चांगला आहे असं त्या दिवसातून जितक्या वेळा म्हणत, तितकी वन्सं पोळी जास्त पातळ लाटायची.

बांगड्या भरायला आम्ही घडियाळी पोळेत, तिथल्या अरुंद गल्लीत, जायचो, आणि तेही ऐन दुपारी. सकाळ-संध्याकाळ कासारीणबाईंच्या दुकानात बायकांची झुंबड असे, आणि त्या गर्दीसमोर वन्संना हात उघडायचा नसे. दुपारी पोळ पेंगत असायची, कासारीणबाई फळ्या अर्ध्या लावून बसायच्या आणि आम्ही वाकून आत शिरायचो.

त्या दुपारी त्या म्हणाल्या, "आवो बेन, बेसो. आज थोडी वार लागेल. आधीच एक गिऱ्हाईक आहे."

आत धान्याच्या गोण्यांवर टाकतात तसला एक जाजमाचा पडदा होता. त्याच्यामागं काच कडकन मोडल्याचा आवाज आला. "तिसरी वाढली," कासारीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या आणि नवा डबा आणायला माळ्यावर चढल्या. पडदा पुरता लागलेला नव्हता. फटीतून मला काळा कोट दिसला, उपरणं दिसलं, आणि कोटाच्या बाहीतून बाहेर आलेला साबणानं माखलेला भला दांडगा हात दिसला. बांगड्या भरणारा पुरुष! तो कोण हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. माझ्या तोंडाचा आ झाला तो मिटेना.

त्यांनी मान वळवली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चेहरा साधा, कंटाळलेला. "बाई, बघायचं असेल तर तिकीट काढून बघावं," ते म्हणाले.

माझी आणि त्यांची भेट ती एवढीच. पुढं, बोलायची मोकळीक मिळाल्यावर, जन्मभर मी ती वकिलांच्या खिडकीविरुद्ध वापरली आणि प्रत्येक वेळी जिंकले. पण तेव्हा मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात माझ्या मागून वन्सं शांतपणे म्हणाली, "साबण नका लावू. निसटतो आणि मग जोर लागतो."

मी वळून पाहिलं तर ही बया पडद्याशी जाऊन बसलेली. शेजारच्या मावशीशी बोलावं तसं बोलत होती. "मलमलीची ओली पट्टी बोटांवरून गुंडाळायची. बांगडी तिच्यावरून उतरते, मग पट्टी खालून ओढून घ्यायची. आणि अंगठा असा आत मुडपायचा." आणि "असा" म्हणताना तिनं पदरातून आपला उजवा हात काढून दाखवला. घरात माझ्यासमोरसुद्धा जो हात ती सहसा उघडा ठेवत नसे, तो!

ते त्या हाताकडे बघत राहिले. दयाबिया काही नाही. भुकेला माणूस पानाकडे बघतो तसं बघत होते, आणि मला त्यांचा संताप आला.

"दुखतो?" त्यांनी विचारलं.

"आता नाही. कुणी बघायला लागलं की दुखल्यासारखं वाटतं."

"मी बघतोय."

"तुम्ही बांगडीसाठी बघताय," वन्सं म्हणाली.

पट्टी आली, पाणी आलं, आणि त्या दांडग्या हातावर एकामागून एक बांगडी निमूट चढली. भरून झाल्यावर बायका कासारणीला नमस्कार करतात, तसा त्यांनी वाकून केला. कासारीणबाईंच्या तोंडून सवयीनं "अखंड सौभाग्यवती" निघून गेलं. मी पदर तोंडात कोंबला. ते मात्र जराही हसले नाहीत. मान लववून त्यांनी आशीर्वाद घेतला, बाह्या खाली ओढल्या आणि मागच्या दारानं गेले. जाताना पुन्हा एकदा वन्संकडे वळून पाहिलं. तिनं तोवर पदर धरला होता.

"कुणाला बोलायचं नाही, वहिनी," वाटेत ती म्हणाली. "त्यांना आवडत नाही ना."

माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा फाशीपेक्षा थोडीच कमी होती. तरी शपथ घेतली.

दर बुधवारी दुपारी खास बायकांसाठी खेळ असे. पुढच्याच बुधवारी आम्ही दोघी गॅलरीत. दुसऱ्या अंकात वर्षानुवर्षं परागंदा झालेला नवरा दारात येऊन उभा राहतो आणि नायिका सामोरी जाते, असा प्रवेश होता. ते पुढं आले, थांबले, आणि त्यांचा उजवा हात छातीशी गेला. अंगठा आणि दोन बोटांत पदराचा काठ, उरलेली दोन बोटं चुणीत मिटलेली. मग त्यांनी नजर खाली त्या बोटांवर नेली आणि गॅलरीतल्या तमाम बायकांनी उसासा टाकला.

माझं डोकं भणाणलं. "चोरटा मेला!" मी म्हणाले. "आपल्या दुखण्याचा तमाशा मांडलाय."

वन्सं पुढं वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेचा पेपर तपासताना मास्तरीणबाईंचा चेहरा असतो तसा तो होता. घरी आल्यावर हातपाय धुता धुता म्हणाली, "छान केलं. पण एक चुकलं त्यांचं. हाताकडे बघितलं. लपवणारं माणूस हाताकडे कधी बघत नाही, वहिनी. दुसरीकडे कुठंतरी बघतं, म्हणजे समोरचाही तिकडेच बघतो."

पंधरा दिवसांत बडोद्यात दुसरं काही दिसेना. देवळात, लग्नात, बायकांच्या वाचनालयात, जिकडे बघावं तिकडे दोन बोटं मुडपून पदर धरलेल्या बाया. धडधाकट पाची बोटांच्या! शेजारच्या गुजराती बेननी तर आमच्या वन्संनाच समोर उभं करून ते कसं धरायचं ते शिकवलं. वन्संनी निमूट शिकून घेतलं. सासूबाईंना काही माहीत नव्हतं, पण त्यांना यात देवाची करणी दिसली. "आता काही कुणाच्या लक्षात येत नाही," त्या मला म्हणाल्या, आणि नवसारीच्या स्थळाला बोलावणं गेलं.

मुलगा नवसारीला शाळेत मास्तर होता. आधी त्याची आई एकटीच येणार होती. आदल्या दुपारी आम्ही हिरव्या बांगड्या भरायला गेलो, तेव्हा वन्सं कासारीणबाईंना म्हणाली, "ते आले तर त्यांना सांगाल? पदर धरताना हाताकडे बघू नका म्हणावं."

"तो माणूस कोणाचं सांभळत नाही, ऐकतच नाही, बेन," कासारीणबाई म्हणाल्या. "पण सांगीन."

नवसारीच्या बाई धाकट्या मुलीला घेऊन महिनाभर बडोद्यातच भावाकडे उतरल्या होत्या. ठेंगण्या, करारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पोहे आले, चहा आला. वन्सं येऊन बसली. बाईंची नजर तिच्या छातीशी गेली आणि मी घाईनं पोह्यांची बशी पुढं सारली. तर त्या खळखळून हसल्या.

"अगं बाई, तुम्हीपण का? आमची धाकटी आरशासमोर तासन् तास हेच करते. तुम्हाला मात्र सरस जमलंय हं. अगदी त्यांच्यासारखं!"

सासूबाई गरजेपेक्षा मोठ्यानं हसल्या. आणि मीही म्हणाले, "हो ना, आजकालच्या मुली!" खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाटलं, सुटलो. चला, अमरेली टळली. अक्षता पडल्यावर काय कळायचं ते कळेल. माझ्या त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

वन्संनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पदर सोडला, उजवा हात पुढं केला आणि पोह्याच्या बशीशेजारी ठेवला.

"मी त्यांचं बघून शिकले नाही," ती म्हणाली. "त्यांनी माझं बघून घेतलंय. माझा हात लहानपणी भाजला आहे."

सासूबाईंनी डोळे मिटले. नवसारीच्या बाईंनी हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"हात भाजला, त्यात तुझा दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण ही थाप कशाला? तो माणूस दारात आलेल्या शेटसावकारांना भेटत नाही, आणि तो तुझं बघून शिकला? हाताचं एक वेळ चालवून घेईन. खोटं बोलणारी सून मला चालायची नाही."

माझी जीभ अगदी टोकाशी आली होती, पण शपथ घातलेली. आणि मी सांगून त्यांनी ऐकलंही नसतं. आत्ताच तर त्यांच्यादेखत मी खोटं बोलले होते.

"परवा बुधवार आहे," वन्सं म्हणाली. "दुपारच्या खेळाला या. दुसऱ्या अंकात पदर धरताना ते हाताकडे बघतात. तुम्हीही बघितलं असेल. परवा ते बघणार नाहीत. मी तसा निरोप पाठवलाय."

"आणि बघितलं तर?"

"तर मी खोटी."

बाई गेल्यावर सासूबाई माजघरात जाऊन रडल्या. मी वन्संवर उखडले. हात दाखवायचा तर दाखवायचा, ही पैज कुठून काढलीस? जो माणूस घारीचं ताट परत पाठवतो तो तुझा निरोप ऐकणार? ती खिडकीत उभी राहून खाली पोळेकडे बघत होती. म्हणाली, "हात बघून सगळेच गेले, वहिनी. या बाईंनी निदान जाण्याआधी माझं बोलणं खरं होतं एवढं तरी कळून जावं."

मग मलाही रडू आलं.

बुधवारी नवसारीच्या बाई आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. माझ्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला वन्सं, तिच्या पलीकडे सासूबाई, हातात जपमाळ घेऊन. नाटकाला जपमाळ घेऊन आलेली बाई मी तेवढीच पाहिली. पहिल्या अंकात काय झालं ते मला विचारू नका. आदल्या दिवशी कासारीणबाईंकडे चौकशी केली, तर त्यांनी निरोप दिला होता, पण "ते काय म्हणाले?" यावर त्यांनी नुसते हात झाडले. काही म्हणाले नव्हते. हूं की चूं नाही.

दुसरा अंक आला. दार वाजलं, नवरा उंबऱ्यात उभा राहिला. ते पुढं आले, थांबले. उजवा हात छातीशी गेला. अंगठा आणि दोन बोटांत काठ, मिटलेली दोन बोटं चुणीत. सगळ्या गॅलरीनं उसाशासाठी श्वास आत घेतला. सासूबाईंची माळ थांबली.

त्यांनी नजर खाली नेली नाही. ती बाजूला वळली, कोनाड्यातल्या समईकडे, जणू तिथं काहीतरी विझत होतं. आणि काय सांगू, उंबऱ्यातला तो नवरा झालेला नटही क्षणभर तिकडेच बघू लागला. आम्ही सगळ्याच तिकडे बघू लागलो. तो हात कुणी पाहिलाच नाही, आणि तरी त्या हाताखेरीज दुसरं काही जाणवेना. चोरटा म्हटलं होतं, ते मी मनातल्या मनात परत घेतलं.

उसासा टाकायचा राहून गेल्यामुळं बायका हिरमुसल्या. मागच्या रांगेतली एक म्हणाली, "आज विसरले वाटतं." गॅलरीत कुजबूज झाली की त्यांची तब्येत बरी नसावी.

नवसारीच्या बाई सरळ समोर बघत होत्या. अंक संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही. पडदा पडला, चहा-चिवड्याची ओरड सुरू झाली, तेव्हा माझ्यावरून वाकून त्यांनी वन्संना विचारलं, "बांगड्या कुठल्या मापाच्या लागतात गं तुला?"

"डाव्या हाताला सव्वादोन."

"आणि उजव्या?"

वन्संनी त्या भरल्या गॅलरीत पदर सोडला आणि उजवा हात माझ्यावरून पलीकडे त्यांच्या मांडीवर ठेवला. "याचं तुम्हीच घ्या," ती म्हणाली.

बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तरी सोडला नाही, आणि मी मधे बसून सबंध अंक त्या दोघींच्या हातांखाली अवघडून काढला.